बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत नेमकं काय चालू असतं?

शाळेतला एक प्रयोग आठवा. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची, तीत नळीनं फुंकर मारायची आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं की बाईंनी विचारायचं, "का झालं?" उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो म्हणून, असं सगळा वर्ग एका सुरात सांगणार आणि तास संपणार. खरी गंमत त्यापुढे आहे आणि बहुतेक वर्गांत ती राहूनच जाते. नेटानं, बराच वेळ फुंकत राहिलं तर ते दुधाळ पाणी परत नितळ होतं. पांढरा साका दिसेनासा होतो, म्हणजे तो पाण्यात विरघळून बसलेला असतो. तेच पाणी उकळलं तर साका पुन्हा हजर.

चुनखडीची बंद खाण आणि तिच्या भोवतीचा मुलूख समजून घ्यायला रसायनशास्त्र जवळपास एवढंच लागतं. पांढरं होणं, नितळ होणं, पुन्हा पांढरं होणं.

अशा खाणींबद्दल साधारण दोन तऱ्हांनी बोललं जातं. एक म्हणजे "डोंगराला पडलेली जखम", दुसरी म्हणजे "काय निळं पाणी आहे, फोटो काढू या". मला दोन्ही वर्णनं आळशी वाटतात. शेवटचा डंपर गेला, पंप बंद झाला, फाटकाला कुलूप लागलं, तरी आतलं काम थांबत नाही. काम करणारे तेवढे बदलतात. आता पाणी, हवा, बुरशी, दगडफूल आणि भेक यांची पाळी सुरू होते.

खाणीच्या आधीचा मुलूख

चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्या परीक्षानळीतला पांढरा साका. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलून शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव आपापली कवचं बांधतात. जीव मेले की कवचं तळाशी साचतात, वरच्या थरांच्या वजनानं दाबली जातात आणि एकमेकांना सांधली जातात. काही चुनखडी जिवांच्या मदतीशिवाय थेट पाण्यातूनही बसते, पण मोठा वाटा कवचांचाच. पुढे कधीतरी समुद्र मागे हटतो किंवा तळच वर उचलला जातो आणि आपल्याला डोंगर दिसतो.

त्यानंतर पावसाची फुंकर सुरू होते. पावसाचं पाणी हवेतून थोडा कार्बन डायऑक्साइड घेतं, पण त्याचा खरा साठा मातीत असतो. मुळं आणि जीवाणू श्वास घेत असतात, त्यामुळे मातीच्या छिद्रांतल्या हवेत या वायूचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असू शकतं. मातीतून उतरणारं पाणी असं सौम्य आम्ल होऊन खडकाच्या भेगांत शिरतं आणि भेग रुंद करत जातं. वेग अगदीच कमी, हजार वर्षांत काही सेंटिमीटर. पण लाखभर वर्षांचा हिशेब धरला तर यातूनच गुहा, भुयारं आणि बशीच्या आकाराचे मोठमोठे खळगे तयार होतात.

म्हणून चुनखडीच्या प्रदेशात पाऊस भरपूर पडूनही वाहता ओढा शोधावा लागतो. नदी चालता चालता जमिनीत गडप होते आणि कित्येक किलोमीटर पलीकडे झरा होऊन वर येते. दऱ्या आहेत पण कोरड्या. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवर क्रास नावाचं पठार आहे, त्यावरून अशा भूरूपाला जगभर कार्स्ट म्हणतात.

इथली माती पातळ का असते, हेही यातूनच कळतं. इतर खडक कुजून माती होते, चुनखडी विरघळून निघून जाते. मागे उरते ती तिच्यात मिसळलेली थोडी चिकणमाती आणि लोह. समजा खडकात शंभरात पाच भाग न विरघळणारे असतील, तर दहा मीटर खडक झिजल्यावर जेमतेम अर्धा मीटर माती हाती लागेल, तीही वाऱ्यापावसानं जागेवर राहू दिली तर. भूमध्य समुद्राभोवतीची प्रसिद्ध लाल माती अशा उरल्यासुरल्या अंशातून बनलेली आहे, असं मानलं जातं. तिच्यात वाऱ्यानं उडत आलेली धूळही बरीच असते.

खडकाचा वरचा काही मीटरचा थर भेगांनी आणि फटींनी चाळणीसारखा झालेला असतो. पावसाचं पाणी तिथे थोडं थांबतं, थोडं गाळलं जातं आणि हळूहळू खाली सुटतं. म्हणजे हा त्या मुलखाचा स्पंज. खाण सुरू करताना सगळ्यात आधी काढून टाकतात तो हाच थर, हे लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

भट्टीत काय होतं

चुनखडी खणायची कारणं पुष्कळ आहेत. रस्त्याची खडी, बांधकामाचा दगड, पोलादाच्या भट्टीत मळी वेगळी करण्यासाठी, साखर कारखान्यात रस साफ करण्यासाठी. पण जुनी मोठी कारणं दोन, चुना आणि सिमेंट. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध दगड १०० किलो घेतला तर चुना मिळतो ५६ किलो. उरलेले ४४ किलो हवेत जातात. हा वायू इंधनाचा नाही, दगडाच्या पोटातला आहे, इंधनाचा धूर वेगळाच. सिमेंटसाठी चुनखडी चिकणमातीबरोबर साधारण १४५० अंशांपर्यंत भाजतात, पण हा वायू तिथेही सुटतो. सिमेंट उद्योगाचं प्रदूषण भट्टीला विजेवर चालवूनही पूर्ण का सुटत नाही, याचं उत्तर या ४४ किलोंत आहे.

जुन्या खाणीजवळ उताराला टेकून बांधलेला, दगडी बुरुजासारखा अवशेष दिसला आणि त्याच्या पायथ्याशी कमान असली तर ती बहुधा चुनाभट्टी. उताराला टेकून, कारण वरून गाडी थेट तोंडाशी आणून दगड आणि कोळसा ओतता यायचा आणि खालच्या कमानीतून तयार चुना ओढता यायचा.

खणण्याची पद्धत थोडक्यात अशी. वरची माती आणि भेगाळलेला थर काढायचा, भोकं पाडून सुरुंग लावायचा, फुटलेला दगड उचलायचा. हे पायऱ्या-पायऱ्यांनी करतात. एक पायरी साधारण १० ते १५ मीटर उंच, मग सपाट पट्टा, मग पुढची पायरी. काही ठिकाणी भिंतीवर उभ्या, अर्ध्या कापलेल्या पाइपासारख्या खाचा दिसतात. ती सुरुंगाच्या भोकांची उरलेली अर्धी बाजू. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पंप लागतो, आणि तो रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो.

पंप बंद झाल्यावर

पंप चालू असतो तेव्हा फक्त खाण कोरडी होत नाही. भोवतालच्या खडकातलं पाणीही खाणीकडे ओढलं जातं, आणि जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीला खाणीभोवती नरसाळ्यासारखा खोलगट आकार येतो. आसपासच्या विहिरी आणि झरे आटतात ते म्हणून. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे जमीन खचणं. जमिनीखालच्या पोकळ्या पाण्यानं भरलेल्या असतात तेव्हा ते पाणी वरच्या मातीला काही प्रमाणात तोलून धरतं. पाणी काढून घेतलं की आधार जातो, पावसाचं पाणी माती खाली वाहून नेतं आणि एक दिवस शेतात अचानक खड्डा पडतो. चुनखडी नसलेल्या भागातल्या माणसाला हे जादूटोण्यासारखं वाटतं. कार्स्टमध्ये राहणाऱ्याला ते माहीत असतं.

पंप बंद झाला की पाणी परत येतं. आकार आणि खडकानुसार त्याला महिने लागतील किंवा वर्षं. जिथे ते थांबेल ती साधारण त्या भागातली भूजलपातळी. म्हणजे खाणीतलं तळं ही जमिनीत खुपसलेली उघडी मोजपट्टी झाली. आणि खाणीचा तळ भूजलाच्या वर असेल तर धो धो पावसातही तिथे तळं होत नाही, पाणी भेगांतून नाहीसं होतं. दोन शेजारच्या खाणींत एक भरलेली आणि दुसरी कोरडी दिसली तर आधी त्यांच्या तळाची उंची विचारा.

आता तो प्रसिद्ध निळा रंग. पाणी स्वतःच लाल प्रकाश थोडा शोषून घेतं, त्यामुळे खोल आणि नितळ पाणी निळसर दिसतंच. त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय बारीक कण तरंगत असले की ते निळा-हिरवा प्रकाश विखुरतात आणि रंग आणखी उठून येतो. पण पाणी नितळ का राहतं? फॉस्फरसमुळे, किंवा खरं तर त्याच्या टंचाईमुळे. पाण्यात शेवाळ माजायला फॉस्फरस लागतो. चुनखडीच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसताना तो फॉस्फरसलाही धरून तळाला नेतो. शेवाळ उपाशी, म्हणून पाणी आरशासारखं. अशा पाण्यात कारा नावाची पाणवनस्पती गालिच्यासारखी वाढते आणि तिच्या अंगावर चुन्याचं खरखरीत पुटं चढतं.

या आरशाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे या पाण्यात माणसं मरतात. तळ्याला किंवा नदीला उथळ काठ असतो. खाणीला तो नसतो. पाऊल टाकलं की थेट पायरीची पूर्ण उंची, आणि बाहेर यायला सरळ, निसरडी भिंत. वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट असतं, त्याच्या खाली थंडगार थर असतो. हवामान जितकं थंड तितका हा फरक जीवघेणा. एकदम थंड पाण्यात गेल्यावर शरीर न विचारता धाप टाकतं, आणि ती पहिली धाप पाण्याखाली पडली तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. तळाशी बुडालेली यंत्रं, तारा आणि झाडं असतात ती वेगळीच. निळा रंग खोलीचा अंदाजही चुकवतो.

निळ्या रंगाचं सगळ्यात उघड उदाहरण इंग्लंडमध्ये डर्बीशर परगण्यातल्या बक्सटन गावाजवळ, हार्पर हिल इथे आहे. जुन्या खाणीतल्या तळ्याला लोक "ब्लू लगून" म्हणू लागले आणि पोहायला गर्दी करू लागले. पण तिथे चुना भाजण्याच्या धंद्यातला टाकाऊ माल पडलेला होता, आणि त्यातला उरलेला चुना पाण्यात उतरून पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा किती अल्कधर्मी, याचं माप; आकडा मोठा तितकं पाणी जास्त अल्कधर्मी) ११ च्या वर गेला होता. साध्या चुनखडीच्या तळ्यात तो ८ च्या आसपास असतो. म्हणजे लोक जवळपास चुन्याच्या निवळीत डुंबत होते, तेही मुलाबाळांसह. कातडी जळण्याचे, पोट बिघडण्याचे फलक लावून उपयोग झाला नाही. शेवटी २०१३ मध्ये तिथल्या प्रशासनानं पाण्यात काळा रंग ओतला. सुंदर दिसणं बंद झालं तशी गर्दी ओसरली. धोक्याच्या सूचनेपेक्षा कुरूप पाणी जास्त परिणामकारक ठरलं, याचं मला अजून हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते.

पाण्याचा विषय संपवण्याआधी तो स्पंज आठवा. खाणीत तो थर काढून टाकलेला असतो. त्यामुळे तळावर जे सांडेल ते न गाळता, न थांबता भेगांत जातं, आणि कार्स्टच्या भुयारांतून पाणी एका दिवसात शेकडो मीटर, कधी काही किलोमीटर जाऊ शकतं. म्हणून आयता खड्डा आहे तर कचरा टाकून भरून काढू, हा विचार वाळूच्या किंवा चिकणमातीच्या प्रदेशापेक्षा इथे कितीतरी घातक. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी वाटेत कुठेही न अडता दूरच्या झऱ्यात उतरतं. जुन्या काळी असे खड्डे सर्रास भरले गेले. आता असं करायचं तर तळाला आणि भिंतींना जाड अस्तर घालावं लागतं, आणि ते अस्तर फाटणार नाही अशी हमी देणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

भिंत

खाणीची भिंत म्हणजे डोंगराचा आडवा छेद. एरवी माती आणि झाडाखाली लपलेला इतिहास इथे उघडा पडतो. जर्मनीत सोल्नहोफेनच्या खाणींतली चुनखडी सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या शांत, खाऱ्या खाजणांत इतक्या बारीक पोताची बसली, की आलॉइस झेनेफेल्डरनं १७९६ मध्ये शोधलेल्या शिळाछपाईसाठी तोच दगड जगभर वापरला गेला. छपाईला गुळगुळीत लागतो म्हणून दगडाची प्रत्येक पाटी कामगार नजरेखालून घालत. १८६१ मध्ये अशाच पाट्यांमधून पिसं असलेला, दात असलेला आर्किऑप्टेरिक्स हा आदिम पक्षी जगासमोर आला. त्याच्या शास्त्रीय नावात "लिथोग्राफिका" हा शब्द आहे, म्हणजे छपाईचा दगड त्याच्या नावालाच चिकटलेला.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहराजवळच्या सिंट पीटर्सबर्ग टेकडीचं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण तिथे एकाच जागी सगळं भेटतं. तिथल्या भूमिगत खाणींत अठराव्या शतकात एका अवाढव्य सागरी सरड्याची कवटी सापडली. फ्रेंच सैन्यानं शहर घेतल्यावर ती पॅरिसला नेली आणि ती आजही तिथेच आहे. हा मोसासॉरस. डायनोसॉरांच्या काळाचा शेवटचा टप्पा, जो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला, त्याला भूशास्त्रात या शहरावरूनच मास्ट्रिख्टियन म्हणतात. पुढे त्याच टेकडीत सिमेंटसाठी मोठी उघडी खाण झाली. १९९८ मध्ये तिथेही एक मोसासॉर सापडला. २०१८ मध्ये खणणं थांबलं. आणि त्याच्या बरीच आधी, १९९७ मध्ये, यंत्रं चालू असतानाच खाणीच्या कड्यावर गरुडघुबडाच्या जोडीनं पिल्लं काढली होती. देश सपाट, कडे कुठून आणणार? घुबडाला माणसानं कापलेला कडा चालला.

बहिरी ससाणाही खाणीच्या भिंती असाच आपलासा करतो. पक्ष्याला हवी असते कोल्हा पोचणार नाही अशी कपार. ती निसर्गानं केली की सुरुंगानं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

भिंत धोकादायक कधी होते, हेही जाणून घ्यावं. सुरुंगाचे हादरे दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या मागेही भेगा पाडून ठेवतात. त्यात पाणी, थंड प्रदेशात बर्फ आणि सगळीकडे मुळं पाचर मारत राहतात. शिवाय चुनखडीचे थर कुठे कलले आहेत यावर बरंच अवलंबून असतं. ते भिंतीच्या आत, डोंगराकडे कललेले असतील तर भिंत बरी टिकते. खड्ड्याच्या दिशेनं कललेले असतील तर एकेक थर पत्त्यांच्या कॅटमधल्या पानासारखा घसरू शकतो. त्यामुळे एकाच खाणीची एक बाजू शंभर वर्षं ताठ आणि समोरची दर पावसाळ्यात ढासळणारी, असं दिसतं. काठावर उभं राहायचा मोह झाला तर हे आठवून चार पावलं मागे राहावं.

उपाशी जमीन

मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट खाणीच्या सपाट तळावर आहे. पहिल्या नजरेला तिथे काही नसतं. गाड्यांनी दाबलेला पांढरा चुरा, उन्हात डोळे दिपवणारा. मातीच नाही, त्यामुळे नत्र जवळपास शून्य. फॉस्फरस असला तरी कॅल्शियमनं जखडून ठेवलेला. पीएच जास्त असल्यानं लोह झाडाला घेता येत नाही, पानं पिवळी पडतात. पाणी पडलं की नाहीसं. बागकाम करणाऱ्या माणसाला ही जमीन फुकट दिली तरी तो घेणार नाही.

आणि तरी युरोपात अशा तळांवर काही दशकांनी चौरस मीटरभर जागेत वीस-तीस जातींची रोपं मिळू शकतात, त्यांत ऑर्किडही. हे त्या उपासमारीमुळेच घडतं. खत भरपूर असलेल्या जमिनीत शर्यत असते. उंच गवतं आणि दांडगी झुडपं झपाट्यानं वाढतात, वरचा प्रकाश अडवतात आणि बाकीच्यांना मारतात. सुपीक शेताच्या बांधावर दोन-चारच जाती दिसतात त्या म्हणून. खाणीच्या तळावर ही दांडगी मंडळी उपाशी राहतात. कोणीच जोरात वाढत नसल्यामुळे कोणी कोणाला झाकत नाही, आणि सावकाश वाढणाऱ्या, काटकसरी, चुना सोसणाऱ्या जातींना जागा मिळते.

क्रम साधारण असा असतो. सगळ्यात आधी उघड्या दगडावर नीलहरित जीवाणू येतात. भिंतीवरून पाणी ओघळतं तिथे शाई सांडल्यासारखे जे काळे पट्टे दिसतात ते बरेचदा त्यांचेच. मग दगडफूल, मग मॉस. त्यांच्या मेलेल्या अंगातून आणि वाऱ्यानं आणलेल्या धुळीतून चिमूटभर माती तयार होते. मग मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती. ऑर्किड उशिरा येतात, कारण त्यांचं बी धुळीइतकं बारीक असतं, आत खाऊ जवळपास नसतोच. योग्य बुरशी त्या मातीत आधी येऊन बसली असेल आणि तिनं त्या बियाला भरवलं, तरच ते रुजतं. थोडक्यात ऑर्किड उमललं म्हणजे जमिनीखालची बुरशी दाखल झाल्याची वर्दी.

गाड्यांच्या चाकोऱ्यांत पावसाचं पाणी साचतं, त्यालाही किंमत आहे. ही डबकी उन्हात लवकर तापतात आणि काही महिन्यांनी आटतात, त्यामुळे त्यांत मासे नसतात. मासे नाहीत म्हणजे भेकाची अंडी आणि पिल्लं खाणारे शत्रू कमी. युरोपातल्या पिवळ्या पोटाच्या भेकाला पूर्वी नदीच्या पुरानं तयार होणारी अशी डबकी मिळत. नद्यांना बांध घातल्यावर त्याला खाणींचा आसरा उरला. इथे एक पेच आहे. खाण चालू असेपर्यंत गाड्या नवीन चाकोऱ्या पाडत राहतात. बंद झाली की चाकोऱ्या भरतात, झुडपं वाढतात आणि भेक जातो. काही ठिकाणी संरक्षणाच्या नावाखाली मुद्दाम यंत्र आणून नवी डबकी खणावी लागतात. फुलांच्या कुरणाचंही तसंच. पन्नासेक वर्षांनी माती जमली की झुडपं येतात आणि सावली पडते. कुरण हवं असेल तर मेंढ्या चाराव्या लागतात किंवा झुडपं कापावी लागतात. "निसर्गावर सोडून द्या" हे वाक्य ऐकायला छान आहे, पण कोणत्या टप्प्यावरच्या निसर्गावर, हे त्यात सांगितलेलं नसतं.

मग करायचं काय?

सगळ्यात लोकप्रिय उत्तर म्हणजे माती आणून झाडं लावा. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर रॉबर्ट बुचार्ट यांच्या सिमेंट कारखान्याची खाण संपल्यावर त्यांच्या पत्नी जेनी बुचार्ट यांनी हेच केलं. घोडागाड्यांनी माती आणली आणि १९२१ पर्यंत खड्ड्यात बुडालेली बाग उभी केली. बाग देखणी आहे, लाखो लोक बघतात. पण ती बाग आहे, तिला कायम माळी लागतात. जिथे ऑर्किड आणि फुलपाखरं आधीच आलेली आहेत अशा तळावर सुपीक मातीचे ट्रक ओतून सरकारी रोपवाटिकेतली झाडं लावणं, हे मात्र मला तयार घर पाडून मंडप घालण्यासारखं वाटतं.

केनियात मोंबासाजवळ बांबुरी इथल्या कामाची तऱ्हा निराळी. प्रवाळापासून बनलेल्या चुनखडीची ती खाण, सिमेंटसाठी खणलेली. तळ भूजलाच्या अगदी जवळ आणि पाणी मचूळ. १९७१ मध्ये कृषितज्ज्ञ रेने हॅलर यांनी तिथे २६ जातींची झाडं लावून पाहिली. टिकल्या फक्त तीन. त्यांत सगळ्यात कामाचं ठरलं ते सुरूचं झाड, कारण त्याच्या मुळांत नत्र बांधणारे जीवाणू राहतात. पण सुरूच्या सुया कुजेनात, तळावर नुसता थर साचला. तेव्हा हॅलर यांनी मिलिपीड आणून सोडले, ज्यांना आपण वाणी किंवा पैसा म्हणतो. ते सुया खात गेले, त्यांच्या विष्ठेची माती होत गेली, आणि मग बाकीची झाडं, पक्षी, प्राणी आले. बाहेरून मातीचे ट्रक आणण्याऐवजी माती तयार करणारेच आणले. आज तिथे हॅलर पार्क आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी पोरकं झालेलं पाणघोड्याचं पिल्लू एका म्हाताऱ्या, महाकाय कासवाला जाऊन बिलगलं, ती जगभर गाजलेली जोडी याच जुन्या खाणीतली.

स्वीडनमधल्या डालहाला या जुन्या चुनखडीच्या खाणीत यापेक्षाही कमी केलं गेलं. तिथली चुनखडी शिल्लक राहिली तीच एका अपघातामुळे. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळून प्रचंड गोल खळगा तयार झाला, चुनखडीचे थर त्यात खाली खचले आणि झिजण्यापासून वाचले. खणून खणून साधारण ६० मीटर खोल आणि ४०० मीटर लांब खड्डा झाला. काम थांबल्यावर कोणाच्या तरी कानाला त्या भिंतींचा नाद आवडला, आणि १९९५ पासून तिथे उघड्यावर संगीताचे कार्यक्रम होतात. तळाशी पाणी, पाण्यावर रंगमंच. खड्डा भरायची गरज कोणाला वाटली नाही.

भिंती मात्र अनेकदा नुसत्या सोडून चालत नाहीत. डर्बीशरमध्ये यावर एक डोकेबाज प्रयोग झाला. सरळ कड्यावर हिशेबानं शेवटचे सुरुंग लावून त्याचा काही भाग मुद्दाम पाडायचा, म्हणजे पायथ्याशी दगडांचा उतार तयार होतो, मध्ये मध्ये कडे उरतात, आणि शेजारच्या नैसर्गिक दरीसारखा चढउतार मिळतो. उतारावर मग स्थानिक गवताचं बी टाकायचं. खाणीच्या हत्यारानंच खाणीची भिंत बदलायची.

यातलं काहीही करायच्या आधी माणसानं एकदा कोरड्या दिवशी, परवानगी घेऊन, भिंतीच्या पायथ्यापासून सुरक्षित अंतर ठेवून नीट बघून यावं, असं माझं मत आहे. पाणी कुठे थांबतं, कुठे मुरतं, काळे पट्टे कुठे आहेत, कोणत्या पायरीवर पांढरी विष्ठा सांडलेली आहे म्हणजे वर कोणी घरटं केलं आहे. आणि एखाद्या भेगेतून पाणी ठिबकत असेल तर त्याच्याखालचा दगड बघावा. वरच्या मातीतून येताना त्या पाण्यानं खडक विरघळवून सोबत आणलेला असतो. मोकळ्या हवेत आलं की त्यातला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निसटतो, आणि दगडावर पांढरं, ओलसर, नखानं खरवडता येईल असं पुटं धरायला लागतं. पाच-दहा वर्षांचं असेल. चुनखडीच आहे ती, नवी.